आज्ञापत्र आणि उजाड मुलुखाची खावटी

करवीर राज्याच्या आरंभकाळीं, इ. स. १७१५ च्या अखेरीस, छत्रपति संभाजीमहाराजांच्या नांवें सिद्ध झालेलें व रामचंद्र नीळकंठ अमात्य यांच्या लेखणीचें म्हणून मान्य झालेलें आज्ञापत्र हें मराठी राजनीतीचें आधारभूत पुस्तक होय, याविषयीं अभ्यासकांत दुमत नाहीं. त्याच्या भाषेविषयीं, त्यांतील दुर्गविचाराविषयीं, आरमाराविषयीं व टोपीकरांसंबंधीं दिलेल्या इशाऱ्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रा. पुणतांबेकर यांनीं १९२९ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, पुढें श्री. ना. बनहट्टी यांच्यासारख्या साक्षेपी संपादकानें त्याची चिकित्सक आवृत्ति दिली. इतकें होऊनहि एक साधा प्रश्न या ग्रंथास कोणी नेटानें विचारलेला प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत नाहीं. तो असा कीं, पंचवीस वर्षें ज्या मुलुखावरून दोन्हीं बाजूंचीं सैन्यें गेलीं, त्या मुलुखांतील माणूस युद्ध ओसरल्यावर जेवला काय, व पुन्हा नांगर धरूं लागला तो कशाच्या बळावर? आज्ञापत्र लिहिणारा पुरुष या सर्व काळाचा केवळ साक्षी नव्हे, तर कर्ता होता. तेव्हां त्याच्या ग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर किती सांपडतें, आणि जें सांपडत नाहीं तें कोठें शोधावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

(१)

पार्श्वभूमि वाचकांस ठाऊक आहे. म्हणून ती थोडक्यांत देतों. औरंगजेब दक्षिणेंत उतरला तो १६८१ च्या सुमारास, आणि अहमदनगरास त्याचा अंत झाला तो मार्च १७०७ मध्यें. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाल्यावर राजाराममहाराज जिंजीस गेले व महाराष्ट्रांतील कारभार ‘हुकुमतपनाह’ या पदवीनें रामचंद्रपंतांकडे आला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयींच्या प्रधानमंडळांतला हा माणूस. त्यानें उभें राज्य पाहिलें होतें, मोडलेलें पाहिलें, आणि पुन्हा उभें केलें. १७०० पासून पुढें बादशाहाची स्वारी किल्ल्यामागून किल्ला घेत चालली. १७०१ मध्यें पन्हाळा व १७०२ मध्यें विशाळगड मोंगलांच्या हातीं गेले, म्हणजे आपल्याच या परिसरांत ती अवजड छावणी बसली होती. मनुची हा इटालियन प्रवासी १७०२ ते १७०४ या सालांत दक्षिणेंत दुष्काळ व रोगराई यांनीं वीस लाखांहून अधिक माणसें मेलीं असें लिहितो. त्याचा आंकडा मोजून काढलेला नव्हे, कानावरचा आहे, हें मान्य केलें तरी अनर्थाचें मान त्यावरून कळतें. मोंगलांच्याच चाकरींतील भीमसेन सक्सेना ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ या आपल्या ग्रंथांत रयत शेती टाकून शस्त्र धरूं लागल्याची हकीगत देतो. शेत पिकलें तर एक सैन्य नेणार, उरलें तर दुसरें नेणार. मग पेरावें कोणासाठीं, हा त्या रयतेचा हिशेब होता.

बादशाह वारल्यानें हा प्रसंग संपला नाहीं. शाहूमहाराज सुटून आले, खेडची लढाई झाली, सातारा व पन्हाळा अशा दोन गाद्या झाल्या, आणि १७१४ मध्यें पन्हाळ्यावर ताराबाईंच्या जागीं राजसबाईंचे पुत्र संभाजीमहाराज आले. त्यानंतरच्या वर्षीं आज्ञापत्र लिहिलें गेलें. म्हणजे हा ग्रंथ स्वस्थतेच्या काळीं एखाद्या मठांत बसून रचलेला नीतिपाठ नव्हे. ज्या राज्याची सीमा अद्यापि ठरावयाची होती (ती वारणेच्या तहानें १७३१ मध्यें ठरली), जेथें पडीक शेतें अजून लागवडीस यावयाचीं होतीं, अशा राज्याच्या तरुण धन्यासाठीं वृद्ध कारभाऱ्यानें तो लिहिला. त्याची परीक्षाहि त्याच मापानें झाली पाहिजे.

(२)

आज्ञापत्रांत धान्याचा विचार नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. दुर्गप्रकरणांत तो आहे, आणि तो इतका बारीक आहे कीं वाचून मन थक्क होतें. गडावर पाण्याचीं टांकीं एकावर विसंबून ठेवूं नयेत. कोठाराची जमीन दगडांनीं अशी बांधावी कीं उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊं नये. केरकचरा गडाखालीं न टाकतां जागचे जागीं जाळून त्याची राख परसांत घालावी व तीवर भाजीपाला करावा. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखीं थोर झाडें व लिंबें, नारिंगें यांसारखीं लहान झाडें गडावर लावावींत, म्हणजे प्रसंगीं लांकूडहि मिळेल. हें लिहिणाऱ्या माणसानें वेढ्यांत सांपडलेला किल्ला आंतून पाहिला असला पाहिजे. पुस्तकी राजनीतींत उंदराची गोष्ट येत नाहीं.

ज्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं पन्हाळ्याच्या अंबरखान्यांत जावें. गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या त्या तीन कोठ्या आज्ञापत्राहून जुन्या आहेत. मी मुलांस घेऊन अनेक वेळां तेथें गेलों आहें. बाहेरील पायऱ्यांनीं माथ्यावर जावें, तेथील छिद्रांतून धान्य खालीं ओतावें, आणि खालून काढावें, अशी ती योजना. तिन्ही मिळून पंचवीस हजार खंडी धान्य मावे असें सांगतात. मुलें त्या काळोखांत हांक मारून प्रतिध्वनि ऐकत, आणि मग त्यांतील एखादा हटकून विचारी कीं, “गुरुजी, हें सगळें धान्य खाणार कोण?” उत्तर सोपें होतें: शिबंदी. गड भांडावयाचा असेल तर शिबंदी जेवली पाहिजे. परंतु तें धान्य पिकवून आणणाऱ्या, गडाच्या घेऱ्यांतील गांवांच्या कुणब्यानें वेढा उठल्यावर काय खाल्लें, हा पुढचा प्रश्न मुलांनीं कधीं विचारला नाहीं, व मींहि तो त्यांच्यापुढें कधीं मांडला नाहीं. आज्ञापत्रांतहि तो मांडलेला नाहीं.

हें विधान काळजीपूर्वक करीत आहें. रयतेचें पालन हा राजाचा धर्म होय, रयत संतुष्ट तर राज्य स्थिर, हा आशय आज्ञापत्रांत जागोजाग आहे. राजा, प्रधान, साहुकार, टोपीकर, वतनदार, वृत्ति, दुर्ग, आरमार या सर्वांस त्यांत स्वतंत्र विचार मिळाला आहे. परंतु नांगर, बैल, बीं आणि पावसाळ्यांतील चार महिन्यांचें पोट या गोष्टींना प्रकरण नाहीं. साहुकारावर प्रकरण आहे, कुणब्यावर नाहीं. राजाज्ञेंत अशा क्षुल्लक गोष्टी कशास याव्या, असें कोणी म्हणेल, तर ज्या आज्ञेंत वाळवी येते तींत बैल येण्यास हरकत कोणती?

(३)

ही उणीव अधिक बोंचते ती आज्ञापत्राच्या चाळीस वर्षें आधीचीं शिवकालीन पत्रें समोर ठेवल्यामुळें. दोन पत्रें सर्वांच्या परिचयाचीं आहेत, तथापि त्यांचा या दृष्टीनें एकत्र विचार होणें अवश्य आहे.

पहिलें मे १६७३ मधील, चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें. पावसाळा तोंडावर आहे. दाणा, वैरण हातीं आहे तोंवर उधळाल तर पुढें घोडीं उपाशीं मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांतून दाणे, गवत, लांकूड, भाजी ओढूं लागाल. आणि ते म्हणतील कीं याहून मोंगल बरे. असा त्याचा आशय आहे. या पत्राचें कौतुक बहुधा त्यांतील सदय वृत्तीसाठीं होतें. प्रस्तुत लेखकास त्यांतील महिन्यांचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. कोंकणांत ज्येष्ठापासून भात हातीं येईतों नवें धान्य नाहीं. त्या अवधींत कुणब्याच्या घरीं जें आहे त्यांत खाण्याचें व पेरण्याचें असे दोन्ही दाणे एकाच कणगींत असतात. तेथें लष्कराचा हात पडला तर एका दिवसाचें जेवण जात नाहीं, पुढचें वर्ष जातें. लुटीपासून अन्न वांचविणें ही अन्नसाहाय्याची पहिली पायरी होय, व ती फुकट असते, एवढें या पत्रावरून शिकावें.

दुसरें पत्र ५ सप्टेंबर १६७६ चें, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें. उजाड मुलूख पुन्हा लागवडीस कसा आणावा याची इतकी स्पष्ट योजना जुन्या मराठी कागदांत क्वचितच मिळेल. सुभेदारानें कष्ट करून गांवोगांव फिरावें. गांवांतील कुणबी गोळा करावे. ज्याच्या अंगीं शेत करण्याची कुवत आहे, माणूसबळ आहे, परंतु जोतास बैल नाहीं, पोटास दाणे नाहींत व म्हणून जो अडून बसला आहे, त्यास दोन-चार बैलांचे पैसे रोख द्यावे आणि खंडी दोन खंडी दाणे पोटासाठीं द्यावे. हें दिलेलें परत घ्यावें तें वाढीदिढी न करितां, मुद्दल तेवढें, आणि तेंहि त्यास शक्ति येत जाईल तसें हळूहळू. या कामीं दोन लाख लारी गुंतल्या तरी चालतील, असा त्या पत्राचा भाव आहे. लारी म्हणजे कोंकणांत चालणारें, चांदीच्या तारेचें वांकविलेलें नाणें, हें नाणेसंग्राहकांस सांगावयास नको.

या योजनेंतील प्रत्येक अंग दुसऱ्यावर टेकलेलें आहे. बैल दिले व दाणे न दिले, तर कुणबी आषाढांत बैल विकून खातो. दाणे दिले व बैल न दिले, तर खातो आणि बसतो. दोन्ही दिलें व वाढीदिढी लावली, तर पहिल्याच सुगीला सर्व पीक देणेकऱ्याच्या खळ्यांत जातें. आणि दिलें सर्व परंतु सुभेदार कचेरींत बसून देऊं लागला, तर तें पाटलाच्या सोयऱ्यांस मिळतें. म्हणून गांवोगांव फिरण्याची आज्ञा. पुढें या दाण्यांच्या कर्जास ‘खावटी’ व बैल-बियांच्या अगाऊ रकमेस ‘तगाई’ हे शब्द रूढ झाले. खावटी हा शब्द तर आदिवासी भागांत पावसाळ्यासाठीं दिल्या गेलेल्या कर्जाच्या रूपानें आपल्या काळच्या सरकारी कागदांतहि आलेला आहे. ज्या शब्दाचा धातु ‘खाणें’ हा आहे त्यास दुसरी व्युत्पत्ति नको.

परंतु स्तुति करतांना या पत्राची मर्यादाहि सांगितली पाहिजे. साहाय्य कोणास? ज्याच्या घरीं काम करण्यास माणूस आहे त्यास. ज्या घरचे पुरुष स्वारींत पडले, ज्या बाईच्या पदरीं लहान मुलें तेवढीं राहिलीं, ज्या बलुतेदारास शेत नाहीं व गांव ओस पडल्यामुळें बलुतेंहि नाहीं, त्याचें नांव या योजनेंत नाहीं. ही खावटी दयेची नव्हे, लागवडीची आहे; मुलूख पिकला म्हणजे सारा वाढेल हा तिचा उघड हेतु आहे. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तिला अन्नदान समजून गौरविणें हें पत्र नीट न वाचल्याचें लक्षण होय.

(४)

संस्कृताच्या अभ्यासकास येथें कौटिलीयाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जनपदनिवेशाच्या अध्यायांत नव्यानें वसविलेल्या कर्षकांस बीं, पशु व द्रव्य देऊन अनुग्रह करावा, व त्यांनीं तें सुखानें जमेल तसें फेडावें, असें सांगितलें आहे. अनुग्रह व परिहार म्हणजे साहाय्य व सूट हीं दोन्ही कोश वाढविणारीं असावींत, कोश बुडविणारीं नसावींत, आणि परिहाराची मुदत संपलेल्यांस राजानें पित्याप्रमाणें वागवावें, असेंहि तेथें आहे. कोष्ठागारांतील अर्धें धान्य जनपदाच्या आपत्तीसाठीं राखावें, अर्धें वापरावें, व जुन्याच्या जागीं नवें भरीत जावें, हा नियमहि त्याच अधिकरणांतला.

या साम्यावरून कांहीं उत्साही लेखक मराठी कागदांवर कौटिल्याची छाप पाहूं लागतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्र्यांच्या हातीं येऊन तो ग्रंथ छापला गेला १९०९ मध्यें. अमात्यांपुढें कामंदकीय असूं शकेल, महाभारतांतील राजधर्म असूं शकेल. कौटिलीय प्रत्यक्ष होतें असें धरून चालण्यास आधार नाहीं. साम्याचें कारण पोथींत नसून शेतांत आहे. ज्याचें घर जळलें व गुरें गेलीं त्या कर्षकास कोणत्याहि शतकांत बीं, बैल व पोटाचे दाणे याच तीन गोष्टी कमी पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेनें (स्थापना १९४३) उद्ध्वस्त पोलंडास धान्याबरोबर घोडे व गाई जहाजांतून पाठविल्या, त्या कांहीं आपलीं पत्रें वाचून नव्हे. त्याच पोलंडचे सुमारें पांच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ पर्यंत आपल्या वळिवड्याच्या छावणींत राहिले. करवीरकरांस तो इतिहास परका नाहीं. पोटाला शिजलेलें अन्न देणें हें छावणीचें काम. जोतास जनावर देणें हें देश पुन्हा उभा करण्याचें काम. १६७६ च्या पत्राचा कर्ता हा भेद जाणत होता.

मात्र कौटिलीयाच्या कसोटीवर आज्ञापत्राची एक उणीव उघड होते. कोष्ठागाराचें अर्धें धान्य जनपदाचें, ही कल्पना आज्ञापत्रांत नाहीं. तेथें कोठार गडाचें आहे, आणि गडाखालच्या मुलुखाशीं त्याचा संबंध आंत धान्य येण्यापुरता आहे.

(५)

मग अमात्यांनीं मुलूख सांवरण्याचा विचार केलाच नाहीं काय? केला, परंतु तो दुसऱ्या वाटेनें केला, आणि ती वाट ओळखल्यास आज्ञापत्र अधिक कळतें.

साहुकारप्रकरण पहावें. साहुकार हे राज्याची शोभा. त्यांच्या योगें न मिळणारी वस्तु राज्यांत येते व अडल्या वेळीं कर्ज मिळतें. म्हणून त्यांस बोलावून आणावें, पेठा वसवाव्या, उपद्रव लागूं देऊं नये, असा त्याचा भावार्थ आहे. ओस पडलेल्या मुलुखांत धान्य बाजारानें आणावयाचें, हा यांतील गर्भित विचार. तो खोटा नाहीं. परंतु ज्याच्या हातीं विकत घेण्यास कांहीं नाहीं त्यास पेठ जवळ आली काय आणि दूर राहिली काय, सारखेंच. शिवाय १६७६ च्या पत्रांत जी वाढीदिढी सरकारनें टाळली, तीच साहुकाराच्या दारीं कुणब्याची वाट पाहत असते.

वतनदारप्रकरण याहून कडक आहे. वतनदार हे लहान राजेच. आहे त्यांत संतोष नाहीं. परचक्र आलें कीं वतनाच्या लोभानें आधीं जाऊन शत्रूस भेटतात. तेव्हां त्यांस प्रबळहि होऊं देऊं नये व मोडूंहि नये, हा अमात्यांचा निष्कर्ष. हा अनुभव युद्धांतला आहे. परंतु त्याचा अन्नाशींहि संबंध आहे. सरकारांतून निघालेली खावटी कुणब्याच्या कणगींत पडण्यापूर्वीं देशमुख, पाटील यांच्या वाड्यावरून जाते. गांव परागंदा झालें तर तें परत आणणारा पाटीलच, आणि परत आल्यावर दाणे अडविणाराहि बहुधा तोच. शिवकालीन पत्रांत सुभेदारास स्वतः फिरावयास कां सांगितलें, याचें उत्तर आज्ञापत्राच्या या प्रकरणांत आहे.

वृत्तिप्रकरण मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतें, जरी त्याचा विषय रुक्ष आहे. धर्मासाठीं वा चाकरीच्या मोबदल्यांत भूमि देत गेल्यास राज्यच उरणार नाहीं, असें अमात्य तेथें बजावतात. आतां हें कोणी लिहावें? ज्याच्या कारभारांत, राज्य वांचविण्यासाठीं, वतनें व इनामें सढळ हातानें द्यावीं लागलीं त्यानें. जिंजीच्या काळांत तिजोरी नव्हती. देण्यास जमीनच होती. ती दिली म्हणून माणसें टिकलीं व फुटलेले वतनदार परत आले. परंतु दिलेलें इनाम पुन्हा सरकारांत येत नाहीं. उद्ध्वस्त मुलुखास साहाय्य करण्याचे तीन प्रकार मराठी कागदांत दिसतात. पहिला उसन्याचा: खावटी व तगाई, जी मुद्दलानें परत येते. दुसरा मुदतीच्या सुटीचा: इस्तावा, म्हणजे पडजमीन करणाऱ्यास पहिल्या सालीं अगदीं थोडा धारा, पुढें वर्षावर्षास चढता, आणि ठरल्या सालीं पुरता धारा. तिसरा कायमच्या दानाचा: इनाम व वतन. पहिल्या दोहोंनीं कुणबी उभा राहतो आणि राज्यहि उभें राहतें. तिसऱ्यानें त्या क्षणापुरतें राज्य वांचतें, परंतु पुढच्या पिढीच्या दुष्काळांत वांटण्यास सरकारजवळ कांहीं उरत नाहीं. आयुष्याच्या शेवटीं अमात्य हें जाणून आहेत, आणि आपल्याच हातच्या उपायाचा दोष आपल्याच लेखणीनें दाखवीत आहेत. हा प्रांजळपणा राजनीतीच्या ग्रंथांत दुर्मिळ होय.

आरमारप्रकरणांतील झाडांचा उतारा याच संदर्भांत वाचावा. आंबे, फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं, तरी त्यांस हात लावूं नये. तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावें. हा उतारा शिवछत्रपतींचें पत्र म्हणून वारंवार छापला जातो. वस्तुतः तो आज्ञापत्रांतील आहे, एवढी दुरुस्ती लेखकांनीं करावी. त्याची किंमत त्यानें कमी होत नाहीं. भात चार महिन्यांत येतें, बैल पैशानें येतो, परंतु तोडलेला फणस एका पिढीनें येतो. सैन्यानें नाश केलेल्या मुलुखांत कोणती हानि लवकर भरून निघते व कोणती निघत नाहीं, हें ज्यानें पाहिलें त्यालाच असें लिहितां येतें. या एका जागीं आज्ञापत्रकार कुणब्याच्या परसांत येऊन उभा राहिला आहे.

(६)

एक आक्षेप असा येईल कीं, खावटी व इस्तावा या गोष्टी त्या काळीं रोजच्या राबत्यांतल्या होत्या. जें प्रत्येक कारकुनास ठाऊक, तें राजाज्ञेंत लिहिण्याचें प्रयोजन काय? हा आक्षेप बलवान आहे व तो मला बहुतांशीं मान्य आहे. ग्रंथाचें मौन म्हणजे काळाचें मौन नव्हे. परंतु मान्य केल्यावर त्याचा परिणामहि पत्करला पाहिजे. रोजच्या राबत्याची गोष्ट ग्रंथांत मिळणार नसेल, तर ती रोजच्या कागदांतच शोधावी लागेल. राजवाड्यांच्या खंडांतून व शिवचरित्रसाहित्याच्या खंडांतून कौलनामे छापले गेले आहेत, डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं शिवाजी विद्यापीठामार्फत ताराबाईकालीन कागदपत्रें प्रसिद्ध केलीं, स. मा. गर्गे यांच्या ‘करवीर रियासती’नें राज्याची सांखळी जुळविली. तरीहि राजकारण, वतनाचे तंटे व स्वाऱ्या यांच्या मानानें दाण्यांचा हिशेब फार थोडा उजेडांत आला आहे.

कौलावरहि थांबून चालणार नाहीं. कौल म्हणजे अभयवचन. सरकार काय बोललें तें त्यांत असतें; बैल खरोखर गोठ्यांत आला कीं नाहीं तें त्यांत नसतें. तें पाहावयास लावणीच्या झडत्या, ताळेबंद, गांवचे जमाखर्च, कोठीच्या आवकजावकीच्या यादी लागतात. इस्ताव्याच्या कौलांत सहाव्या सालीं पुरता धारा लिहिला असेल, आणि सातव्या सालच्या ताळेबंदांत तेंच शेत पुन्हा पडीक म्हणून लागलें असेल, तर तो कौल फसला. अशी जोडी जुळविल्याखेरीज एखाद्या राज्याच्या रयतपालनाविषयीं लिहिलेलें सर्व काव्य समजावें. हे कागद शिक्क्याचे नसतात, अक्षर वाईट असतें, मापें ठिकठिकाणचीं वेगळीं असतात. खंडीचे मण वीस हें सर्वत्र सांगतील, परंतु तो मण कोणत्या पायलीचा हें त्या गांवालाच ठाऊक. तथापि युद्धानंतर माणूस कसा जगला याची साक्ष याच कागदांत आहे.

येथें एक घरगुती गोष्ट सांगणें भाग आहे. २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगेकांठच्या एका गांवांतून मला निरोप आला कीं, एका जुन्या घराचे रुमाल भिजले आहेत, येऊन पाहावे. पाणी ओसरून, चिखल काढून, सरकारी व लोकांच्या मदतीचीं धान्याचीं पोतीं घरोघर पोहोंचल्यावर आठ-दहा दिवसांनीं मी गेलों. घरधन्यानें मोठ्या आस्थेनें सात-आठ कागद वाळवून, वर्तमानपत्रांत घालून ठेवले होते. सर्व शिक्क्यांचे. बाकीचे कोठें, असें विचारतां तो म्हणाला, “बाकीचं नुसतं आकडे होते गुरुजी, कुणाला किती पायल्या दिल्या असले. त्याचा लगदा झाला होता, ओढ्यात टाकून दिला.” त्याच्या ओसरीवर त्याच वेळीं मदतीच्या तांदळाची यादी भिंतीस लावलेली होती, कोणत्या घरास किती किलो, तें नांवनिशीवार लिहिलेलें. मी त्यास कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा अधिकार मला नव्हता. कारण त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें मीहि रुमाल उघडला कीं प्रथम शिक्का शोधीत असें, आणि पायल्यांचे कागद खालीं सारीत असें. ओढ्यांत गेलेल्या त्या कागदांत काय होतें तें आतां कोणासच कळणार नाहीं, आणि त्याविषयीं तर्क करणें व्यर्थ आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच. आज्ञापत्रासारखा ग्रंथ आपल्याच राज्यांत निर्माण झाला याचा करवीरकरांस अभिमान असावा. परंतु त्याची पूर्ति दुसऱ्या राजनीतिग्रंथानें होणार नाहीं. ती होईल त्याच काळच्या खावटीच्या यादी, इस्ताव्याचे कौल व त्यांचे ताळेबंद शेजारीं ठेवल्यानें. ज्यांच्याकडे असे रुमाल असतील त्यांनीं ते शिक्का आहे कीं नाहीं न पाहतां जसेच्या तसे, ज्या क्रमानें बांधलेले असतील त्याच क्रमानें राखावे. सोडवून वेगळाले करूं नयेत, कारण कौल कोणत्या ताळेबंदास लागून होता हें त्या बांधणीवरूनच कळतें. गांवाचें नांव व रुमाल मिळाल्याची तारीख वरच्या कापडावर लिहावी. वाचतां न आल्यास नकलून तरी घ्यावे. आंकडे तेवढे सोडूं नयेत. अमात्यांनीं कोठारांतल्या धान्यास उंदीर व वाळवी लागूं देऊं नये म्हणून आज्ञा लिहिली. त्या धान्याचा हिशेब ज्या कागदांवर आहे त्यांसहि तीच आज्ञा लागू समजावी.